सहा फाइली एका डीव्हीडीत का मावत नाहीत, आणि मावल्या तरी प्लेअर का रुसतो

प्रश्न थोडक्यात असा: प्रत्येकी 700 एमबीच्या सहा जुन्या एव्हीआय फाइली आहेत, प्रत्येक फाइल पावणेदोन तासांच्या आसपास. शिवाय फोनवर घेतलेलं काही एमपी4 चित्रण आहे. हे सगळं टीव्हीजवळच्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर दिसायला हवं. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर वापरून पाहिलं, तर एका डिस्कवर दोनच फाइली मावल्या. फोनच्या चित्रणाच्या डिस्कमध्ये आवाज हळूहळू मागे पडत गेला. तिसरी डिस्क तर प्लेअरने उघडलीच नाही. सहा फाइलींची बेरीज 4200 एमबी, डिस्क 4.7 जीबीची, मग अडतंय कुठे?

अडतंय तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण त्याआधी एक काम करा. उठून प्लेअरची पुढची पट्टी नीट पाहा. तिथे डिव्हएक्सचं, म्हणजे एव्हीआयमधलं चित्र दाबण्याच्या एका पद्धतीचं, चिन्ह आहे का? बाजूला यूएसबीची खाच आहे का? मी हे पहिल्यांदा विचारतो, कारण निम्म्या वेळा पुढचा सगळा खटाटोप करावाच लागत नाही. डिव्हएक्स वाचणाऱ्या प्लेअरला तुमच्या एव्हीआय फाइली जशाच्या तशा चालतात. त्या साध्या डेटा डिस्कवर लिहिल्या की सहाच्या सहा एका डिस्कवर मावतात, चित्राचा दर्जाही कणभर घटत नाही. अट एवढीच की फाइलीत क्यूपेल किंवा जीएमसी हे एक्सव्हिड या तशाच दुसऱ्या पद्धतीचे प्रगत पर्याय वापरलेले नसावेत आणि चित्राची रुंदी 720 पिक्सेलच्या वर नसावी. हे सगळं मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत साधन दाखवतं. फाइल त्यात टाका आणि काय लिहून येतं ते वाचा. ज्याला हे काम करायचंय त्याने सगळ्यात आधी हे साधन घ्यावं. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर नंतर.

चिन्ह नसेल तर मात्र खरी डीव्हीडी-व्हिडिओ डिस्क बनवावी लागेल, आणि इथे तुमचा पहिला घोळ सुरू होतो.

डीव्हीडी-व्हिडिओ डिस्क वेळेने भरते, मूळ फाइलीच्या आकाराने नाही. तुमची 700 एमबीची एव्हीआय एमपेग-4 पद्धतीने दाबलेली आहे. डीव्हीडी प्लेअर 1996 साली बाजारात आले, तेव्हा ही पद्धत नव्हती. त्यांना एमपेग-2 कळतं. तेवढ्याच दर्जाच्या चित्राला एमपेग-2 जास्त जागा घेतं. म्हणजे फाइल फुगणारच. मूळ फाइल 700 एमबीची होती की 300 ची, याच्याशी डिस्कला देणंघेणं नाही. तिला फक्त किती मिनिटं आहेत आणि दर सेकंदाला किती बिट द्यायचे, एवढंच ठाऊक.

मी एक सोपा हिशेब वापरतो. 6 लाखांना एकूण मिनिटांनी भागा. उत्तर येतं तो चित्र आणि आवाज मिळून दर सेकंदाचा बिटरेट, किलोबिटमध्ये. 4.7 जीबीची डिस्क म्हणजे 4.7 अब्ज बाइट. (संगणक तिलाच 4.38 जीबी म्हणतो, कारण तो 1024 च्या पटीत मोजतो. कंपनीने फसवलेलं नाही.) 6 लाखांच्या हिशेबात त्यातले 4.5 अब्ज बाइट धरले आहेत आणि उरलेली जागा मेनू, बांधणीचा खर्च आणि डिस्कची बाहेरची कड यासाठी सोडली आहे. कडेबद्दल पुढे बोलतो.

आता आकडे टाकून पाहू. 90 मिनिटांना 6667 किलोबिट येतात, उत्तम. 120 मिनिटांना 5000, छान. तुमच्या दोन फाइली म्हणजे 210 मिनिटं, त्यांना 2857, म्हणजे सॉफ्टवेअरने त्याही ताणूनच बसवल्या असणार. सहाच्या सहा म्हणजे 630 मिनिटं, त्यांच्या वाट्याला येतात 952. 1993 सालच्या व्हीसीडीलासुद्धा (सीडीवर चित्रपट मिळायचे ती डीव्हीडीआधीची पद्धत) एकट्या चित्रासाठी 1150 किलोबिट मिळायचे, आणि तिचं चित्र होतं 352 गुणिले 288 पिक्सेलचं, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम पाव. 952 किलोबिटमध्ये पूर्ण आकाराचं चित्र बसवलं तर पडद्यावर माणसं दिसणार नाहीत, चौकोन दिसतील.

मला विचाराल तर पूर्ण आकाराच्या चित्राला साडेतीन हजारांच्या खाली जाऊ नये. तरीही एका डिस्कवर तीन-चार तास बसवायचेच असतील तर एक मार्ग आहे, जो बहुतेक सोपी सॉफ्टवेअरं दाखवत नाहीत. डीव्हीडीच्या नियमांत 720 गुणिले 576 शिवाय 352 गुणिले 576 हा आकारही बसतो. याला हाफ-डी1 म्हणतात. पिक्सेल निम्मे, त्यामुळे 2500 किलोबिटही पुरतात. तुमच्या जुन्या एव्हीआयचं मूळ चित्रच साधारण 600 पिक्सेल रुंदीचं आणि आधीच बरंच दाबलेलं आहे. त्यातला गेलेला बारकावा जास्त बिट ओतून परत येत नाही. अशा स्रोताला हाफ-डी1 मध्ये दोन फाइली प्रति डिस्क घातल्या तर सोफ्यावर बसलेल्या माणसाला फरक कळत नाही, हे मी बरेचदा पाहिलंय. फक्त हा आकार नियमाने 4:3 चित्रासाठीच आहे. रुंद चित्र असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या चित्रातच घालाव्या लागतात.

वरचीही मर्यादा लक्षात ठेवा. चित्राला 9800 किलोबिटच्या वर जाता येत नाही आणि सगळं मिळून 10,080 च्या वर. डिस्कवर एकच तासाचं चित्रण आहे म्हणून काटा टोकाला नेऊ नका. घरी लिहिलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर तिथे अडखळतात. मी 8000 ला थांबतो.

आता साधनं. एक गैरसमज आधी काढून टाकू. हँडब्रेक उत्तम आणि मोफत आहे, पण ते उलट दिशेचं साधन आहे. ते डिस्कवरून किंवा इतर फाइलींवरून एमपी4 आणि एमकेव्ही बनवतं, डीव्हीडी बनवत नाही. त्यात तासभर डीव्हीडीचं बटण शोधणारे लोक मी पाहिलेत.

आपल्या कामाचे टप्पे तीन. पहिला एन्कोडिंग, म्हणजे एमपेग-2 चित्र आणि एसी-3 या डीव्हीडीला चालणाऱ्या पद्धतीचा आवाज तयार करणं. दुसरा ऑथरिंग, म्हणजे त्यातून डीव्हीडीची बांधणी उभी करणं. तिसरा बर्निंग. डीव्हीडीस्टाइलर पहिले दोन टप्पे एकत्र करतं, मेनूही बनवतं आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. विंडोजवर एव्हीएस-टू-डीव्हीडी नावाचं आणखी एक मोफत सॉफ्टवेअर आहे, दिसायला रुक्ष, पण चित्राचं काम काळजीपूर्वक करतं. मी स्वतः एफएफएमपेगने एन्कोड करतो आणि डीव्हीडीऑथरने बांधतो (दोन्ही आज्ञा टाइप करून चालवायची मोफत साधनं), कारण कुठे काय बिघडलं ते वेगवेगळं दिसतं. कोणतंही घ्या, पण ते बनवणाऱ्यांच्या मूळ जागेवरूनच उतरवा आणि इन्स्टॉल करताना डोळे मिटून पुढे-पुढे दाबत जाऊ नका. फुकटच्या इन्स्टॉलरमधून नको ते पाहुणे घरात येतात.

एफएफएमपेगमध्ये टार्गेट या पर्यायाला पाल-डीव्हीडी दिलं (पाल ही टीव्हीची एक पद्धत, तिच्याबद्दल पुढे सांगतो) की आकार, दर सेकंदाच्या फ्रेम म्हणजे सुटी चित्रं, आवाजाचं 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंग हे सगळं नियमात बसतं. पण त्यात चित्राला 6000 आणि आवाजाला 448 किलोबिट गृहीत असतात. आपल्या हिशेबाने तेवढ्यात 93 मिनिटंच मावतात. त्यामुळे बिटरेट स्वतः सांगा. साध्या दोन वाहिन्यांच्या आवाजाला 192 पुरतात, उरलेले चित्राला द्या. आणि बिट तुटपुंजे असतील तेव्हा दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग करा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर धावपळीचे प्रसंग कुठे आहेत ते टिपतं, दुसऱ्या फेरीत त्यांना जास्त बिट देतं आणि स्थिर प्रसंगांचे कापतं. वेळ जवळपास दुप्पट जातो, पण 4000 च्या खाली ते सार्थकी लागतं. 7000 ला करून उपयोग नाही.

तुमचा दुसरा घोळ, म्हणजे मागे पडणारा आवाज, मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचं निदान सोपं आहे. डिस्कची सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर तो नुसता विलंब आहे, तेवढे मिलिसेकंद सरकवले की संपलं. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी बराच मागे असेल तर फ्रेमच्या गतीत गोंधळ आहे. 30 आणि 29.97 यांची अदलाबदल झाली तरी शंभर मिनिटांत सहा सेकंदांचा फरक पडतो.

फोनच्या बाबतीत कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. फोन ठरावीक गतीने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की गती कमी-जास्त करतो. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल असं दिसेल. काही सॉफ्टवेअरं सरासरी काढून ती गती सगळीकडे समान आहे असं धरून चालतात, आणि चित्र आवाजापासून सुटत जातं. उपाय असा: आधी फक्त गती स्थिर करून घ्या. एफएफएमपेगचा एफपीएस फिल्टर फ्रेमच्या मूळ वेळा वाचून गरजेप्रमाणे फ्रेम गाळतो किंवा दुप्पट करतो, त्यामुळे आवाज जागेवर राहतो. मधली फाइल भरपूर बिटरेटची ठेवा, नाहीतर एकदा दाबलेलं पुन्हा दाबण्याचे डाग दिसतात.

जुन्या एव्हीआयमध्ये कारण वेगळं असतं. त्यातला एमपी3 आवाज बदलत्या बिटरेटचा असेल तर एव्हीआयच्या जुन्या चौकटीत त्याचा हिशेब नीट लागत नाही. अशा वेळी आवाज आधी 48 किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलीत काढा आणि मग चित्रासोबत जोडा. फाइल अर्धवट उतरलेली किंवा तिची अनुक्रमणिका तुटलेली असेल तर अ‍ॅव्हिडेमक्स या मोफत संपादन साधनात उघडून काहीही न बदलता कॉपी मोडमध्ये पुन्हा जतन केली तरी बऱ्याचदा काम भागतं.

पाल की एनटीएससी, हा प्रश्नही इथेच येतो. पाल म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम आणि 576 ओळी, एनटीएससी म्हणजे 29.97 फ्रेम आणि 480 ओळी. सॉफ्टवेअरने सुचवलंय म्हणून निवडू नका, स्रोत पाहून निवडा. फोनचं चित्रण 30 फ्रेमचं असेल तर ते पालमध्ये बसवताना सेकंदाला पाच फ्रेम टाकून द्याव्या लागतात, आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र धक्के खातं. पाल प्रदेशात विकले गेलेले बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्कही वाचतात, तेव्हा फोनचं चित्रण एनटीएससीत ठेवलेलं बरं. उलट, एनटीएससी प्रदेशातल्या प्लेअरने पाल वाचण्याची खात्री धरू नका.

23.976 फ्रेमच्या फाइलीला दोन मार्ग आहेत. पालसाठी चित्र आणि आवाज दोन्ही सुमारे सव्वाचार टक्के वेगाने चालवायचे. चित्रपट शंभराऐवजी 96 मिनिटांत संपतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एनटीएससीसाठी पुलडाउन, म्हणजे प्लेअरलाच कोणत्या फ्रेमचा कोणता भाग पुन्हा दाखवायचा याची खूण करून ठेवायची. यासाठी डीजीपुलडाउन नावाचं जुनं मोफत साधन आहे. हे काहीच न करता सरळ पालचं टार्गेट दिलं, तर एफएफएमपेग दर सेकंदाला एक फ्रेम दुप्पट करतो आणि चित्राला बारीकशी उचकी लागते. काहींना ती दिसत नाही. मला दिसते, आणि एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही.

उभ्या धरलेल्या फोनच्या चित्रणात आणखी एक खोच आहे. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. रुंद पडद्यासाठी 720 पिक्सेलचं पाल चित्र टीव्ही 1024 इतकं ताणून दाखवतो (पुढचे आकडेही पालचेच). म्हणून उभं चित्र आधी 576 उंच आणि 324 रुंद करा, दोन्ही बाजूंना काळं भरून 1024 रुंदीचं करा, आणि शेवटी ते सगळं 720 वर दाबून 16:9 ची खूण द्या. हा क्रम चुकला की लोक लांबट किंवा गलेलठ्ठ दिसतात. फोनवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय, चालू ठेवून चित्रण केलं असेल तर डिस्कवर रंग धुतल्यासारखे फिके येतील. रूपांतरात टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या टीव्हीला झेपेल इतका आवळणं, करावं लागेल. पुढच्या वेळी डीव्हीडीसाठी चित्रण करताना एचडीआर बंदच ठेवा.

सबटायटल द्यायची असतील तर एक सावधगिरी. डीव्हीडीची सबटायटलं अक्षरं नसून चारच रंगांची छोटी चित्रं असतात. मजकुराची चित्रं बनवताना बरीच साधनं प्रत्येक अक्षर सुटं मांडतात. रोमन लिपीत ते खपून जातं, देवनागरीत वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. एफएफएमपेगचा सबटायटल फिल्टर लिबास या लायब्ररीवर चालतो, ती जोडाक्षरं नीट जुळवते. त्यामुळे मी देवनागरी सबटायटलं थेट चित्रावरच छापतो. बंद करता येत नाहीत हे खरं, पण वाचता तरी येतात. कडेपासून थोडी आत ठेवा, कारण जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या खातात.

आता न उघडलेली डिस्क. तुम्ही कळवलंय त्यावरून एमपेग फाइल थेट डिस्कवर ओढून टाकली असावी. प्लेअर अशी फाइल शोधत नाही. त्याला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो. त्यात व्हीओबी फाइलींमध्ये चित्र-आवाज, आयएफओ फाइलींमध्ये कुठे काय आहे याचा नकाशा आणि बीयूपीमध्ये त्या नकाशाची प्रत असते. प्रत्येक व्हीओबी 1 जीबीच्या आत असते, म्हणून एका चित्रपटाचे चार-पाच तुकडे दिसतात. ते बिघडलंय असं समजू नका. चित्राच्या प्रवाहातही मधूनमधून दिशादर्शक खुणा असतात, पुढे-मागे पळवणं त्यांच्यावर चालतं. हे सगळं ऑथरिंगमध्ये घडतं. एमपेग फाइलीचं नाव बदलून व्हीओबी केल्याने घडत नाही. सोबत ऑडिओ_टीएस हा रिकामा फोल्डर असतो, तोही राहू द्या, काही जुने प्लेअर त्याच्यावाचून अडतात.

आणि फोल्डर बरोबर असला तरी तो नेहमीच्या डेटा डिस्कसारखा ओढून टाकला तर काम होईलच असं नाही. डीव्हीडी-व्हिडिओला यूडीएफ 1.02 ही फाइल पद्धत लागते आणि फाइली डिस्कवर ठरावीक क्रमाने बसाव्या लागतात. म्हणून आधी आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल, बनवा, मग ती बर्न करा. विंडोजवर यासाठी इम्गबर्न आहे. त्याची शेवटची आवृत्ती 2013 सालची आहे, पण या कामात अजूनही त्याचं बोट धरावं असं साधन आहे. लिनक्सवर के-थ्री-बी घ्या. आयएसओ संगणकावरच्या व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडून मेनू आणि चॅप्टर तपासा, पण व्हीएलसीत चाललं म्हणजे प्लेअरवर चालेल असं मानू नका. व्हीएलसी फार सोशिक आहे, मोडकंतोडकंही गोड मानून घेतो.

बर्न करताना डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे लेखन पूर्ण झाल्याची नोंद करून ती बंद करा, नाहीतर प्लेअरला ती अपुरी वाटते. प्लेअर जुना असेल तर डीव्हीडी-आर प्रकार घ्या. डीव्हीडी+आर हाताशी असेल आणि ड्राइव्हमध्ये सोय असेल तर बुकटाइप, म्हणजे डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद, डीव्हीडी-रॉम अशी करून घ्या, म्हणजे प्लेअर तिला छापील डिस्क समजतो. वेग 16एक्सच्या डिस्कला 8एक्स ठेवतो. अगदी 1एक्सवर नेणं हा जुना समज आहे, आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात.

राहिली ती कड. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, आणि स्वस्त डिस्कची बाहेरची कड सगळ्यात कच्ची असते. एका परिचितांच्या कार्यक्रमाच्या 20 प्रती मी एकदा काठोकाठ भरून लिहिल्या, पहिली प्रत पाच मिनिटं चालवून पाहिली आणि वाटून टाकल्या. शेवटची दहा मिनिटं, म्हणजे नेमकं समारोपाचं भाषण, बऱ्याच घरांत गोठलं. तेव्हापासून 4.5 अब्ज बाइटांच्या पुढे मी जात नाही, बर्न झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळणं, सोडत नाही, आणि पहिली प्रत ज्या प्लेअरवर बघायची त्याच प्लेअरवर लावून थेट शेवटच्या चॅप्टरवर जातो. पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू तुमचा प्लेअर वाचत असेल तर ही चाचणी तिच्यावर करा. जुन्या प्लेअरना तिचा मंद परावर्तित प्रकाश वाचता येत नाही, तेव्हा तिथे ती चालली नाही म्हणून लगेच एन्कोडिंगला दोष देऊ नका. साध्या डिस्कवर एकदा लिहून पाहा, आणि ती शेवटपर्यंत चालली तर उरलेल्या प्रती त्याच आयएसओवरून काढा.